उपपद मराठीत नाही. अर्थ मात्र आहे

श्रीगोंदा तालुक्यातील मुलांना परिचित असे एक वाक्य घेऊ : 'पेडगावचा किल्ला भीमेच्या काठी आहे.' इंग्रजीत ते असे होईल : 'द फोर्ट अ‍ॅट पेडगाव स्टँड्स ऑन द भीमा.' किल्ल्याआधी 'द', भीमेआधी 'द', पेडगावाआधी काहीच नाही. मुले यातला एखादा 'द' हमखास गाळतात. हा निष्काळजीपणा नव्हे. मराठीत उपपदेच नाहीत. संस्कृत, हिंदी, रशियन या भाषांतही नाहीत.

पण उपपदाने जो अर्थ व्यक्त होतो, तो मराठीत आहे. 'मी डॉक्टर शोधतो आहे' आणि 'मी डॉक्टरांना शोधतो आहे' ही वाक्ये पाहा. पहिल्यात कोणीही डॉक्टर चालेल. दुसऱ्यात ठरावीक डॉक्टर हवे आहेत. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी 'अ डॉक्टर', दुसऱ्या ठिकाणी 'द डॉक्टर' येईल. तसेच 'शाळेत पाहुणे आले आहेत' ही नवी बातमी झाली. 'पाहुणे शाळेत आले आहेत' यातले पाहुणे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहेत. मराठी हे काम विभक्तीने आणि शब्दक्रमाने करते, इंग्रजी उपपदाने. म्हणजे मुलाला हा भेद कळतोच. तो इंग्रजीत दाखवायचा कसा, एवढेच शिकवायचे आहे.

त्यासाठी नामाआधी क्रमाने तीन प्रश्न विचारावेत.

१. कोणती वस्तू, हे ऐकणाऱ्याला कळते का? कळत असेल तर 'द'.

२. कळत नसेल, तर वस्तू मोजता येणारी आणि एकच आहे का? असेल तर 'अ' किंवा 'अ‍ॅन' : 'आय बॉट अ लेमन.'

३. वस्तू अनेक किंवा न मोजता येणारी असून सर्वसाधारण विधान आहे का? मग उपपद नको : 'लेमन्स आर सावर', 'शुगर इज स्वीट'. मात्र 'या चहातली साखर' म्हटले की पुन्हा 'द शुगर'.

विशेषनामांचा भाग संकेताचा आहे. व्यक्ती व गावे यांच्या नावांआधी सहसा उपपद येत नाही. नद्यांच्या नावांआधी 'द' येते.

'अ' की 'अ‍ॅन' हे अक्षरावर नव्हे, उच्चारावर ठरते. 'अवर' या शब्दाच्या आरंभी 'एच' लिहितात, पण उच्चार स्वराचा, म्हणून 'अ‍ॅन अवर'. 'युनिफॉर्म'च्या आरंभी 'यू' हा स्वर लिहितात, पण उच्चार 'य'चा, म्हणून 'अ युनिफॉर्म'. स्वराआधी 'अ'ला 'न' जोडतात, असे आपण सांगतो. इतिहास उलटा आहे. जुन्या इंग्रजीतील 'एक' या अर्थाच्या शब्दापासून 'अ‍ॅन' आले आणि व्यंजनापुढे त्यातला 'न' गळून 'अ' उरले. 'एक होता राजा' यातला आपला 'एक' संख्या सांगत नाही. तो 'अ'चेच काम करतो. 'द'सुद्धा 'तो, ती, ते' यांसारख्या दर्शक सर्वनामापासून आले आहे.

म्हणून भाषांतरापूर्वी मुलांना मराठी वाक्यातच विचारावे : येथे 'एक' शोभेल, की 'तो'? अपवादांची यादी त्यानंतर द्यावी.