वादळ कोणत्या अंगाने गेलं?

फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात खाडीच्या काठाकाठाने जाणारा बेशोर बुलेव्हार्ड नावाचा लांबलचक रस्ता आहे. २८ सप्टेंबर २०२२ रोजी त्या रस्त्याच्या कठड्यापलीकडचं पाणीच नाहीसं झालं. एरवी जिथे लाटा कठड्याला थडकतात, तिथे ओला गाळ उघडा पडला होता. लोक कठडा ओलांडून त्या गाळात उतरले आणि फोटो काढू लागले. पाणी परत येईल, आत जाऊ नका, असं प्रशासन सांगत राहिलं.

त्याच दुपारी ‘इयन’ हे चक्रीवादळ टॅम्पाच्या दक्षिणेला कायो कोस्टा नावाच्या बेटावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी २४० किलोमीटरच्या आसपास होता. टॅम्पापासून दीडशेहून अधिक किलोमीटरवर फोर्ट मायर्स बीच नावाचं गाव आहे. तिथे समुद्राचं पाणी जमिनीपासून ३ ते साडेचार मीटर उंच चढलं आणि घरंच्या घरं पायापासून उचलली गेली. या वादळात अमेरिकेत दीडशेच्या आसपास माणसं गेली. एकाच वादळाने, एकाच दिवशी, एका खाडीतलं पाणी ओढून नेलं आणि दुसरीकडे गावात समुद्र घातला.

आदल्या दोन दिवसांत अंदाजाचा रोख टॅम्पाकडे होता. तिथल्या सखल भागातल्या लोकांना २६ तारखेलाच घरं सोडायला सांगितलं गेलं. फोर्ट मायर्स ज्या ली काउंटीत येतं, तिथला स्थलांतराचा आदेश मात्र २७ च्या सकाळी निघाला. खरं तर वादळाच्या संभाव्य मार्गाचा जो शंकू नकाशावर दाखवतात, त्यात ली काउंटीचा भाग होता. पण तो कडेला होता आणि लोकांची नजर शंकूच्या मधल्या रेघेवर खिळते. वादळाचं केंद्र या शंकूत राहण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश असते, म्हणजे तीनातून एकदा ते बाहेरही जातं. शिवाय शंकू फक्त केंद्राचा मार्ग सांगतो. वादळाचा घेर केवढा आणि पाणी कुठवर चढणार, हे त्यावरून कळत नाही.

टॅम्पातलं पाणी का गेलं, हे समजायला पश्चिमेकडे समुद्र असलेला कोणताही किनारा चालेल. फ्लोरिडाचा हा किनारा तसाच आहे आणि आपलाही. म्हणून जुहूच्या किंवा मुरुडच्या वाळूत समुद्राकडे तोंड करून उभे आहोत असं समजा. डावा हात दक्षिणेकडे, उजवा उत्तरेकडे. उत्तर गोलार्धातल्या चक्रीवादळात वारे केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. वादळ तुमच्या डाव्या हाताला किनाऱ्यावर चढलं, तर वारा तुमच्या पाठीवर येतो. तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि पाणी बाहेर लोटतो. तेच वादळ उजव्या हाताला चढलं, तर वारा समोरून छातीवर येतो आणि समुद्र जमिनीकडे ढकलतो. किनाऱ्याजवळचा समुद्र उथळ असेल, तर या ढकललेल्या पाण्याला खाली सरकायला जागा मिळत नाही आणि ते वर चढतं. फ्लोरिडाच्या पश्चिमेचा समुद्रतळ दूरपर्यंत उथळ आहे. मुंबईसमोरचाही तसाच रुंद आणि उथळ आहे.

इयन टॅम्पाच्या डाव्या हाताला चढलं. शहर वाचलं ते एवढ्यावर.

टॅम्पात एक समजूत पूर्वीपासून आहे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे टोकोबागा लोकांच्या, दफनाच्या टेकड्या शहराचं वादळापासून रक्षण करतात म्हणे. १९२१ नंतर कोणतंही मोठं चक्रीवादळ थेट टॅम्पावर आलेलं नव्हतं, त्यामुळे समजुतीला दरवर्षी नवा पुरावा मिळत गेला. आपल्याकडेही मुंबादेवी राखते म्हणतात. श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण शंभर वर्षं वादळ आलं नाही, हे वाक्य ऐकताना किती वेळा ते थोडक्यात हुकलं, हे कुणी मोजत नाही, याची मला काळजी वाटते.

माणसाचं मन हुकलेल्या संकटाचं काय करतं, यावर जॉर्जटाउन विद्यापीठातल्या रॉबिन डिलन आणि कॅथरिन टिन्सली यांनी सहकाऱ्यांसह बराच अभ्यास केला आहे. चक्रीवादळांबद्दलचा त्यांचा निबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना आढळलं ते असं : आधी वादळ येऊन काही नुकसान न करता गेलेलं असेल, तर पुढच्या वेळी माणसं घर सोडायला किंवा विमा काढायला कमी राजी होतात. वादळाची शक्यता तेवढीच आहे हे सांगितलं, तरीही. कारण मन आकड्याकडे पाहत नाही, मागच्या खेपेच्या निकालाकडे पाहतं. ‘मागच्या वेळी काय झालं? काहीच नाही.’ पण याच संशोधकांनी दुसरी बाजूही दाखवली. हुकण्याचेही दोन प्रकार असतात. एकात माणूस म्हणतो, आपण तगलो. दुसऱ्यात म्हणतो, आपण जवळजवळ गेलोच होतो. दुसऱ्या प्रकारची आठवण राहिली, तर माणूस ढिला पडत नाही, उलट तयारीला लागतो. घटना तीच असते. कोणती आठवण उरते, हे तिच्याबद्दल आपण नंतर काय बोलतो यावर ठरतं.

न्यू ऑर्लिन्सचं उदाहरण या दोन्हींच्या मधलं आहे, आणि मला ते सगळ्यात जास्त शिकवणारं वाटतं. सप्टेंबर २००४ मध्ये ‘आयव्हन’ वादळ त्या शहरावर येणार असं दिसत होतं. लाखो लोक गाड्या घेऊन एकाच वेळी निघाले आणि महामार्ग गच्च झाले. बॅटन रूज हे शहर जेमतेम १३० किलोमीटरवर, पण अनेकांना तिथे पोहोचायला दहा-दहा तास लागले. वादळ मात्र पूर्वेला वळून अलाबामाच्या किनाऱ्यावर गेलं. प्रशासनाने त्यातून धडा घेतला. महामार्गाच्या दोन्ही बाजू शहराबाहेर जाणाऱ्या वाहनांसाठी कशा खुल्या करायच्या, याची योजना सुधारली. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट २००५ रोजी, ‘कतरिना’ आलं, तेव्हा त्या परिसरातले दहा लाखांहून अधिक लोक सुखरूप बाहेर पडले. हुकलेल्या वादळाने खरोखर जीव वाचवले.

पण आयव्हनने जो त्रास दाखवला, तो गाडीत अडकलेल्यांचा होता. ज्यांच्याकडे गाडीच नव्हती, त्यांचा त्रास त्या वेळी दिसलाच नाही, कारण वादळ आलंच नाही. कतरिनात सुमारे एक लाख माणसं शहरातच राहिली. त्यात म्हातारे, आजारी आणि गरीब मोठ्या संख्येने होते. पूरभिंती फुटल्या, शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. हुकलेलं वादळ आपल्याला धडा देतं, पण अर्धाच. उरलेला अर्धा आपल्याला कल्पनेने पुरा करावा लागतो.

इयननंतर टॅम्पाला तो पुरा करायला दोनच वर्षं मिळाली. २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री ‘हेलीन’ फ्लोरिडाच्या उत्तर भागात धडकलं. टॅम्पापासून ते समुद्रात दीडशेहून अधिक किलोमीटर दूरून गेलं होतं. अंतर पाहिलं, तर इयनपेक्षा हे वादळ जवळचं मुळीच नव्हतं. पण ते उजव्या हाताला गेलं. वारा छातीवर आला. खाडीत पाण्याच्या उंचीचे जुने विक्रम मोडले आणि शेजारच्या पिनेलास काउंटीत १२ जण दगावले. दोन आठवडेही झाले नव्हते, रस्त्यांवर भिजलेल्या गाद्या-सोफ्यांचे ढीग तसेच होते, आणि ९ ऑक्टोबरला ‘मिल्टन’ आलं. तेव्हा मात्र लोक मोठ्या संख्येने निघून गेले. मिल्टन टॅम्पाच्या दक्षिणेला, सिएस्टा की इथे चढलं. खाडी पुन्हा रिकामी झाली.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. २ जून २०२० रोजी हवामान खात्याचा अंदाज होता की ‘निसर्ग’ चक्रीवादळ हरिहरेश्वर आणि दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ किनारा ओलांडेल. मुंबई त्या पट्ट्यातच होती. कोविडचा पहिला उन्हाळा. बीकेसीतल्या तात्पुरत्या केंद्रातले रुग्ण हलवले गेले. ३ जूनच्या दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला चढलं. वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. मी दादरला घरात होते. खिडकीवर पाऊस आडवा येत होता, काही झाडं पडली, आणि संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर पहिला निरोप आला, ‘उगाच घाबरवलं.’

केंद्र दक्षिण मुंबईपासून साठेक किलोमीटरवर होतं. डाव्या हाताला. मुंबईत वारा बराच वेळ जमिनीकडून समुद्राकडे होता. हेच केंद्र शंभर किलोमीटर उत्तरेला सरकलं असतं, तर मुंबईच्या उत्तरेला चढलेल्या वादळाचा वारा मुंबईवर समोरून आला असता. एक दिवस आधीच्या चांगल्या अंदाजातही केंद्राची जागा पन्नासेक किलोमीटरने चुकणं हे आजच्या विज्ञानात सामान्य आहे. ‘उगाच घाबरवलं’ हे वाक्य अशा थोड्या किलोमीटरांच्या जोरावर बोललं गेलं होतं.

पुढच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ मुंबईपासून सुमारे दीडशे किलोमीटर लांबून, समुद्रातूनच गुजरातकडे गेलं. निसर्गपेक्षा कितीतरी लांब. पण कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले, गेटवे ऑफ इंडियाजवळच्या कठड्याची पडझड झाली. समुद्रात पी-३०५ या तराफ्याचे नांगर तुटले आणि तो बुडाला. त्यावर २६१ माणसं होती, वाचली १८६. किनाऱ्याला चुकून गेलेलं वादळ समुद्रातल्या माणसांना चुकलेलं नसतं.

मुंबईच्या आठवणीची आणखी एक गंमत नसलेली गोष्ट आहे. १८८२ मध्ये मुंबईत एक महावादळ येऊन एक लाख माणसं मेली, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं आढळतं. कोलंबिया विद्यापीठातले अ‍ॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी तपासल्या आणि असं वादळ झालंच नसल्याचं दाखवलं. नोव्हेंबर १९४८ चं वादळ मात्र खरं होतं, आणि ते कुणाच्या बोलण्यात नसतं. जे झालं नाही ते लक्षात आहे, जे झालं ते विसरलो आहोत.

निसर्गच्या दिवशी माझी मावशी दापोली तालुक्यातल्या तिच्या घरी होती. तिथे वारा समोरून आला. कौलं आधी वळचणीची गेली, मग कोपऱ्यांची, मधली शेवटी. हे असंच होतं. वारा छपराच्या कडेवरून उसळतो तेव्हा तिथे छपराला वर ओढणारं बळ सगळ्यात जास्त असतं, आणि ते वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग शंभराचा एकशेचाळीस झाला की ओढ दुप्पट. मावशीच्या वाडीतल्या पोफळी मोडून पडल्या. नवीन रोपाला सुपारी धरायला सहा-सात वर्षं तरी जातात. पण तिने मला फोनवर, फोन लागायला लागल्यावर, पहिली तक्रार सांगितली ती वेगळीच. विहीर काठोकाठ आणि प्यायला पाणी नाही. विजेचे खांब पडलेले, पंप बंद. रहाट काढून टाकल्याला पंधरा वर्षं झाली होती. वीज यायला महिना लागला. तोवर बादलीला दोर बांधून, वाकून, हाताने ओढून पाणी काढलं. तिचं वय तेव्हा अडुसष्ट.

पावसाळा सरल्यावर तिने सुताराला बोलावून रहाट पुन्हा बसवून घेतला. घर शाकारताना कडेची कौलं तारेने रिपांना बांधून घेतली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते तिच्या गावासमोरून, समुद्रातून गेलं. कौलं राहिली. वीज गेली. मी फोन केला तर म्हणाली, “नंतर बोलते गो, शेजारची चार घरं पाण्याला आलीयत माझ्याकडे.”

अजूनही दर शनिवारी ती दोन पोहरे रहाटाने काढते. पंप चालू असतो तरी. दोर कुजला का ते हाताला कळतं, म्हणते.