पहिले घर आणि कष्टाचा पैसा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आम्ही विद्वान नव्हे. जिन-प्रेसमधील कामगार, बाजारातील हमाल आणि मापाडी यांच्या संघटनेचे काम करताना जे कागद वाचावे लागले तीच आमची शाळा. तरीही चालकांनी दिलेल्या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आम्हांला आहे. कारण घर घेताना फसलेली माणसे आमच्या दाराशी येतात. दुःख एवढेच की, ती व्यवहार झाल्यावर येतात.

अशा एकाची हकीकत सांगतो. हा आमचा सभासद. रेच्यावर पंचवीस वर्षे खपला. फंडाचे पैसे हाती आले आणि गावाच्या शिवेवर एक प्लॉट स्वस्तात मिळतो असे कळले. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर लेख झाला, नोटरीचा शिक्का बसला, पेढे वाटले गेले. तीन वर्षांनी घर बांधावयास काढले तेव्हा उमगले की, जमीन अजून शेतीचीच आहे, सातबारावर चार भावांची नावे आहेत आणि सही मात्र एकाचीच आहे. नोंदणीचा खर्च वाचला आणि आयुष्याची पुंजी गेली. आमच्यासमोर बसून तो म्हणाला, "भाऊ, मी त पैसेच वाचवाले गेलतो!"

हे वाक्य आम्ही विसरलो नाही. पैसा वाचवावा हे खरेच; परंतु कोठे वाचवावा आणि कोठे वाचवू नये, हे आधी ठरले पाहिजे. आजचा आमचा विषय तेवढाच.

भाव वेगळा, खर्च वेगळा

आपण घराचा भाव विचारतो आणि तोच खर्च समजतो. वास्तविक भावावर मुद्रांक शुल्क चढते, नोंदणी फी चढते, वकिलाची फी असते, विजेचे मीटर नावावर करणे असते, शेवटी रंगसफेदी असते. बँक सगळा भाव देत नाही. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या शेकडा नव्वद आहे. मुद्रांक व नोंदणीचा खर्च त्या किमतीत सामान्यतः धरला जात नाही. म्हणून आमचा ठोकताळा असा की, दहा लाखांच्या घराला दोन लाख हाती असल्यावाचून इसार देऊ नये. नाहीतर उरलेल्या रकमेसाठी सावकाराचे दार ठोठवावे लागते आणि ते व्याज बँकेच्या व्याजाला लाजवते.

येथे कोणी शहाणा सल्ला देतो, "कागदावर किंमत कमी दाखवा." हा सल्ला ऐकू नका. मुद्रांक शुल्क सरकारी मूल्यदर तक्ता आणि खरी किंमत यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर लागते. कागदावर कमी लिहिले की बँक कर्जही कमी देते. आणि उद्या व्यवहार मोडला तर कागदावर असेल तेवढेच आपले. रोख दिलेल्या पैशाला साक्षीदार नसतो. चेकने द्या, पावती घ्या.

खरी सवलत मात्र सोडू नये. राहत्या घराचे खरेदीखत केवळ स्त्रीच्या नावे होत असेल तर महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात शेकडा एकाची सूट आहे. दहा लाखांवर दहा हजार वाचतात. आणि घरच्या लक्ष्मीला नुसत्या नमस्काराऐवजी मालकी मिळते. आमच्या मते दुसरा लाभ पहिल्याहून मोठा.

कागद आधी, इसार मागून

१९०८ च्या नोंदणी कायद्याने शंभर रुपयांवरील स्थावराचे खरेदीखत नोंदवावेच लागते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. हे एक वाक्य आमच्या सभासदाला वेळेवर कोणी सांगितले असते तर!

घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहावा. परंतु तो कराचा उतारा आहे, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. भूमापन झालेल्या जागेची आखीव पत्रिका काढावी. शेतातून पाडलेला प्लॉट असेल तर सातबारा, त्यावरील फेरफार, अकृषिक परवानगी आणि मंजूर नकाशा मागावा. सातबारावर जितकी नावे तितक्या सह्या. 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिले असेल तर सरकारी परवानगीवाचून पाऊल टाकू नये. नझूलची जागा आपल्या वऱ्हाडात पुष्कळ. तेथे पट्ट्याची मुदत आणि अटी वाचाव्या. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात अलीकडे सवलती झाल्या आहेत. तेव्हा आपल्या तुकड्याला आज कोणता नियम लागू आहे हे तहसील कार्यालयात विचारून घ्यावे, विकणाराला विचारू नये.

यानंतर वकिलाकडून दुय्यम निबंधकाच्या दप्तरात तीस वर्षांचा शोध घ्यावा. बोजा, गहाण, वाद बहुधा तेथे सापडतो. या शोधाची फी वाचवणे म्हणजे बी वाचवून पेरणी करण्यासारखे आहे.

अकोला-अमरावतीकडे फ्लॅट घेणारांसाठी दोन शब्द. पाचशे चौरस मीटरांहून मोठ्या जागेवरील आणि आठांहून अधिक गाळ्यांच्या नव्या योजनेला महारेराची नोंदणी लागते. २०१६ च्या या कायद्याने नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. भाव चटई क्षेत्रावर विचारावा. जिन्याचे आणि गच्चीचे फूट मिळवून सांगितलेला भाव ऐकूच नये. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो.

घर पावसाळ्यात पाहावे

घर उन्हाळ्यात सगळीच चांगली दिसतात. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; पाया उथळ असला की भिंतही तिच्याबरोबर हलते. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली असेल तर नव्या रंगाला भुलू नये. पाया किती खोल आहे आणि जोत्याला सिमेंट-सळईचा पट्टा आहे काय, हे अनुभवी मिस्त्रीला दाखवून घ्यावे. त्याची एका दिवसाची मजुरी फार नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. पूर्णेच्या दोन्ही तीरांना खारपाणपट्टा पसरला आहे. तेथे बोअरला पाणी लागले एवढ्याने भागत नाही, ते चाखून पाहावे. नळ किती दिवसांआड येतो हे शेजारणीला विचारावे. घरमालकापेक्षा ती खरे सांगते.

आम्हांलाही येथे एकदा ठेच लागली. पहिले घर घेतले तेव्हा भिंती पाहिल्या, छप्पर पाहिले. मागील मालकाची घरपट्टी आणि विजेचे बिल थकले आहे काय, हे पाहिले नाही. दुसऱ्यांना कागद वाचावयास सांगणारे आम्ही, ते थकलेले बिल निमूटपणे भरून मोकळे झालो.

हप्त्याचे गणित

आता कर्ज. दहा लाख रुपये, व्याज शेकडा नऊ, मुदत वीस वर्षे; तर मासिक हप्ता सुमारे ८,९९७ रुपये येतो आणि एकूण व्याज होते सुमारे ११ लाख ५९ हजार. हेच कर्ज पंधरा वर्षांचे केले तर हप्ता सुमारे १०,१४३ रुपये आणि व्याज सुमारे ८ लाख २६ हजार. महिना साडेअकराशे रुपये अधिक भरले की तीन लाख तेहतीस हजार वाचतात! भावात पाच हजारांसाठी चार दिवस घासाघीस करणारा माणूस मुदतीच्या रकान्यात मात्र डोळे मिटून वीस लिहितो.

परंतु हप्ता झेपला पाहिजे. जिनचा हंगाम संपला की ज्याची मिळकत आटते, त्याने मुदत लांब ठेवावी आणि दिवाळीचा बोनस मुद्दलात भरावा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून बँकांना मनाई केली आहे. तीन-चार बँकांत व्याजाबरोबर प्रक्रिया शुल्कही विचारावे. कर्जाबरोबर विमा गळ्यात घालतात. तो हवा असेल तर घ्यावा, सक्ती म्हणून घेऊ नये. कर्ज फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेने विलंब लावला तर १ डिसेंबर २०२३ पासून दिवसाला पाच हजार रुपये भरपाईचा नियम आहे.

एकट्याने नको

शेवटी आमच्या धंद्याची गोष्ट. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांना एकेकटीने घर घेणे शक्य नव्हते. त्यांनी सहकारी संस्था केली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि कामगार यांनी भार वाटून घेतला. आणि २००६ साली कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. त्याच वाटेने पुढे रे नगर झाले. तेथील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये लोकांच्या ताब्यात आली.

हिवरखेडात दहा हजार घरे नकोत. पण एकाच शिवारातले प्लॉट घेणारे पाच जण एकत्र आले तर एक वकील, एक शोध, एक मोजणी पुरते आणि खर्च पाचांत वाटला जातो. शिवाय पाच माणसे एकदम प्रश्न विचारू लागली की, विकणारालाही खरे बोलणे सोपे जाते.

'घर पाहावे बांधून' असे वडीलधारी म्हणत आले. आम्ही त्यात एवढीच भर घालतो की, बांधण्याआधी वाचून पाहावे. कोणाला कागद वाचावयाचे असतील त्याने सायंकाळी संघटनेच्या कचेरीत यावे. फी नाही, अट एकच, इसार देण्यापूर्वी यावे.