रेस दिली, पण गाडी उचलेना!

१९८४ साली पुण्याच्या कायनेटिकने जपानच्या होंडाबरोबर भागीदारी करून ‘कायनेटिक होंडा’ आणली आणि स्कूटरस्वाराच्या डाव्या मनगटाला सुट्टी मिळाली. तोवर चेतक किंवा लॅम्ब्रेटावर पहिला, दुसरा, तिसरा असं मूठ पिळतच पुढे जावं लागे. पुढे २००१मध्ये ॲक्टिव्हा आली आणि बिनगिअरची स्कूटर घरोघरी पोहोचली. गिअर दिसेनासे झाले, पण त्यांचं काम कुणाला तरी करावं लागतंच. गाडी जुनी झाली, हे काम बिघडू लागलं, की चालवणारा एवढंच सांगतो : ‘पिकअप नाही.’

डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ सांगण्यासारखीच ही तक्रार. गॅरेजमध्ये मग बेल्ट, रोलर, क्लच असा अख्खा सेट बदलला जातो. कधी गुण येतो, कधी नुसतं बिल येतं. खरं तर एका साध्या प्रश्नाने निम्मी शोधाशोध वाचते : गाडी उचलत नाही तेव्हा इंजिन ओरडतं की दबतं?

झाकणाखाली काय चालतं?

प्रश्नाचं महत्त्व कळायला डाव्या बाजूच्या लांबट झाकणाखाली डोकावावं लागेल. तिथे दोन पुली आणि त्यांना जोडणारा व्ही आकाराचा रबरी बेल्ट असतो. पुढची पुली इंजिनाच्या क्रँकवर, मागची चाकाच्या बाजूला. दोन्ही पुली दोन-दोन तबकड्यांच्या. तबकड्या जवळ आल्या की बेल्ट काठाकडे चढतो, लांब गेल्या की तळाशी उतरतो.

पुढच्या पुलीत वजनदार रोलर असतात, बहुतेक गाड्यांत सहा. इंजिनाचा वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि तबकडीला ढकलतात. पुढे बेल्ट वर चढतो आणि मागे आत ओढला जातो. गाडी उभी असताना याच्या उलट : पुढे बेल्ट तळाशी, मागे काठाशी. हा आपला ‘पहिला गिअर’. बेल्टला तिथे परत आणते ती मागची जाड स्प्रिंग. मागच्या पुलीलाच क्लच जोडलेला असतो. इंजिन मंद असताना त्याचे शू मिटलेले असतात. वेग वाढला की ते पसरतात, भोवतालच्या क्लच बेलला पकडतात आणि चाक फिरतं.

ताकद मुळात बेताची. या वर्गातल्या स्कूटरची अश्वशक्ती सात-आठ, वजन साधारण ११० किलो. दोन मोठी माणसं बसली की ओझं गाडीहून जास्त. त्यामुळे कुठेही थोडी ताकद वाया गेली, तरी ती पहिल्यांदा गाडी उचलतानाच जाणवते.

आधी फुकटच्या तपासण्या

टायरमधली हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे आहे का, ते पाहा. चोक ओढलेला राहिला नाही ना, त्याची केबल अडकत नाही ना, याची खात्री करा. मग इंजिन बंद करून गाडी डबल स्टँडवर घ्या आणि मागचं चाक हाताने फिरवा. जुन्या ड्रम ब्रेकचा कॅम सुकतो, केबल कुणीतरी जास्त ताणून ठेवलेली असते आणि ब्रेक चाकाला धरूनच राहतो. चार-पाच किलोमीटरनंतर, ब्रेक फारसा न लावताही हब तापत असेल, तर दोष इथेच. पुढच्या चाकाचीही हीच परीक्षा घ्या.

इंजिन ओरडतं, गाडी रेंगाळते

आता इंजिन तापल्यावर मोकळ्या, सपाट रस्त्यावर थांबून हळूहळू पुरती रेस द्या. आवाज चढतो पण गाडी त्या मानाने निघत नाही, म्हणजे ताकद तयार होते आणि वाटेत घसरते. संशयित दोनच : क्लच आणि बेल्ट.

क्लचचे शू झिजतात किंवा त्यांच्यावर काचेसारखी चकाकी चढते. निघताना थरथर होत असेल, तर ही शक्यता मोठी. पॉलिश पेपर मारला की काही दिवस बरं वाटतं. शू झिजले असतील तर ते बदलावेच लागतात. आतली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या शूंमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

बेल्टची रुंदी व्हर्नियरने मोजून सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडावी, आतल्या दात्यांमध्ये भेगा आहेत का ते पाहावं. बेल्ट तेलकट दिसला, तर क्रँकचं ऑइल सील गळतंय का ते आधी शोधावं, नाहीतर नवा बेल्टही घसरेल. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावरून गेल्यावर झाकणात पाणी शिरूनही बेल्ट घसरतो. वाळल्यावर गाडी ठीक चालली, तर खर्च करू नका.

इंजिनच दबतं

आवाज भरडा, दबलेला येत असेल, तर आणखी एक खूण बघा. गाडी फक्त उचलताना मंद आणि चाळीसच्या पुढे छान पळते का? तसं असेल तर बहुधा बेल्ट ‘पहिल्या गिअर’वर परत येत नाही. मागची स्प्रिंग मऊ पडलेली असते, पुलीतलं ग्रीस सुकलेलं असतं किंवा रोलर एका बाजूने चपटे होऊन अडकलेले असतात. सेकंडहँड गाडीत मायलेजच्या नादाने आधीच्या मालकाने जड रोलर बसवलेले निघतात. बेल्ट लवकर वर चढतो आणि इंजिन धापा टाकतं. क्लचच्या छोट्या स्प्रिंगा सैलावल्या, तर क्लच वेळेआधी पकडतो आणि परिणाम तोच.

जाणते मेकॅनिक इथे एक स्वस्त युक्ती करतात. पुढच्या पुलीच्या तबकडीवर तळापासून काठापर्यंत मार्करची रेघ ओढतात, गाडी फिरवून आणतात आणि झाकण पुन्हा उघडतात. बेल्ट जिथे जिथे घासला तिथली रेघ पुसलेली असते. तळाशी ती शाबूत असेल, तर बेल्ट तिथवर उतरतच नाही. पुलीचा नट योग्य हत्याराने आणि ठरलेल्या जोराने आवळावा लागतो, म्हणून हे काम घरी करू नये.

गाडी प्रत्येक वेगाला आणि चढावरही मरगळलेली असेल, तर मोर्चा इंजिनाकडे वळवा. क्रम स्वस्तापासून महागाकडे ठेवा. एअर फिल्टर बघा. तेल लावलेला कागदी फिल्टर धुवायचा किंवा फुंकायचा नसतो, बदलायचा असतो. प्लग काढा : तपकिरी असेल तर उत्तम, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे कमी, तेलकट म्हणजे आत ऑइल जळतंय. मग कार्बोरेटर. बारीक स्लो जेट तुंबला की रेस देताच इंजिन अडखळतं. अनेक फोर-स्ट्रोक स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये पातळ रबरी पडदा असतो. तो फाटला की मूठ पिळली तरी आतला पिस्टन नीट वर येत नाही. एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६च्या गाड्यांत सहसा कार्बोरेटर नसतो, बेल्ट-रोलरचं शास्त्र मात्र तेच.

त्यानंतर थंड इंजिनावर टॅपेटची फट आणि शेवटी कॉम्प्रेशन. कायनेटिक होंडासारख्या टू-स्ट्रोकमध्ये जळलेल्या ऑइलचा कार्बन साचून सायलेन्सर तुंबतो. तो साफ केला की गाडी मोकळी होते.

महाबळेश्वरला जाऊन गाडी मंदावली, तर लगेच घाबरू नका. समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटरवर हवा दहा-बारा टक्के विरळ असते. इंजिनाची ताकद त्या प्रमाणात घटते.

मेकॅनिकला काय सांगाल?

‘पिकअप नाही’ एवढंच सांगू नका. इंजिन ओरडतं की दबतं, त्रास फक्त निघताना की सगळ्या वेगांना, थंड असताना की तापल्यावर, हे सांगा आणि एका वेळी एकच दुरुस्ती करून घ्या, म्हणजे गुण कशाने आला ते कळेल. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडी ठेवावी की काढावी, हा प्रश्न येतोच. कॉम्प्रेशनच गेलं असेल, तर इंजिनाच्या कामाचा हिशेब मांडूनच निर्णय घ्या. पण बेल्ट, रोलर आणि क्लच झिजण्यासाठीच बनवलेले असतात. तेवढ्यासाठी चांगलं इंजिन भंगारात घालण्याचं कारण नाही.