वसतिगृहातले सर आणि उघडं दार

निवासी शाळेतल्या शिक्षकाने मुलांत किती मिसळावं, हा आजचा आपला विषय. महाराष्ट्रात हा विषय निघाला की पहिलं नाव येतं साने गुरुजींचं. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथलं छात्रालयही सांभाळत. मुलांचे कपडे धुवायचे, खोल्या आवरायच्या, आजाऱ्याची शुश्रूषा करायची, वर मुलांसाठी 'छात्रालय' दैनिक लिहून काढायचं.

हा आदर्श आपल्या मनात असा ठसला, की शिक्षक मुलांत जितका मिसळेल तितका चांगला, हे आपण धरूनच चाललो. रात्री सरांच्या खोलीत गप्पा, सुट्टीत एकाच लाडक्या मुलाला सोबत गावी नेणं, यात कुणाला वावगं दिसत नसे. आता बघा, हीच मोकळीक वाईट हेतूच्या माणसाच्याही सोयीची होती. आश्रमशाळेतल्या मुलाचे आईबाप लांब पाड्यावर. त्याचं जेवण, अंथरूण, मार्क, सगळं शाळेच्याच हाती. मग तक्रार करायची कुणाकडे?

२०१२च्या पॉक्सो कायद्याने इथे मोठा फरक पडला. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या 'संमती'ला अर्थ राहिला नाही. शाळेतल्याच माणसाने केलेला लैंगिक गुन्हा जास्त गंभीर ठरला. आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कळूनही न कळवणं हासुद्धा गुन्हा झाला. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं, तर त्याला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'शाळेची अब्रू' हे कारण कायद्यापुढे तरी चालत नाही.

पण यातून एक भलतंच होऊ लागलंय. शिक्षक घाबरून लांब राहतात. नवोदय विद्यालयात मुलं सहावीत येतात, म्हणजे दहा-बारा वर्षांची. शिक्षक आवारातच राहतात, हाऊसही त्यांच्याकडेच असतं. पहिल्याच रात्री एखादं पोर रडायला लागलं, तर पाठीवर हात ठेवावा की नाही? आम्ही म्हणू, जरूर ठेवावा, पण चारचौघांत, दार उघडं ठेवून. घरी जेवायला बोलवावं, पण चार-पाच जणांना मिळून. रात्री एकट्या मुलाला मोबाईलवर मेसेज मात्र नको, मग तो अभ्यासाचा का असेना.

अवघड जागा वेगळीच आहे. मूल येऊन म्हणतं, "सर, एक सांगायचंय, पण कुणाला सांगू नका." इथे बहुतेक प्रेमळ शिक्षक पटकन वचन देतात. ते देऊ नये, कारण पाळता येत नाही. पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "तुला त्रास होत असेल तर मला पुढे सांगावं लागेल, पण तुला एकट्याला सोडणार नाही," एवढं म्हणावं आणि ऐकत राहावं. खोदून विचारू नये. त्याने जे शब्द वापरले, तेच त्या दिवशीच लिहून ठेवावेत.