कोकणी गौर, बुंदेली गच्ची

राणी लक्ष्मीबाईंचं सासर म्हणजे झाशी, हे शाळेत शिकवलं जातं. लांजा तालुक्यातल्या कोट गावची मंडळी मात्र तो मान स्वतःकडे घेतात, आणि त्यात काही खोटं नाही. राणीच्या सासरचे नेवाळकर मूळचे कोटचे, कऱ्हाडे ब्राह्मण. अठराव्या शतकात झाशीची सुभेदारी या घराण्याकडे आली आणि कोकणातली माणसं थेट बुंदेलखंडात घरं करून राहिली.

घरं कसली बांधली, तर तिथलीच. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथं जांभ्याच्या भिंती, उतरतं छप्पर आणि पाणी भिंतीपासून लांब पडावं म्हणून पुढं काढलेल्या पागोळ्या. दार उघडलं की पडवी, मग ओटी, आत काळोखं माजघर. झाशीत पाऊस त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाही नाही, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. रघुनाथराव नेवाळकरांच्या काळातला राणीमहाल बघा: दुमजली, मधे चौक, भोवती कमानींची दालनं, वर सपाट छत. कोकणात असं छत पहिल्याच आषाढात गळायला लागलं असतं. इथं उन्हाळ्याच्या रात्री झोपायला तीच जागा.

ताटाचं प्रकरण गमतीचं आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबेडाळ, पन्हं आणि ओटीला भिजवलेले हरभरे हवेतच. कैरी दोन्हीकडे मिळते. पण कोकण भाताचं आणि कुळथाचं; तिथं हरभऱ्याची डाळ यायची घाटावरून. बुंदेलखंडात हरभरा शेतातलाच. म्हणजे डाळ वाटताना झाशीची सून कोकणातल्या जावेपेक्षा सुखी, फक्त वरून पेरायला ओलं खोबरं कुठून आणायचं? नारळ लांबून येणार, तो आधी देवापुढं फुटणार. आमसूल सुकवलेलं असल्यामुळे गाठोड्यात बांधून नेता येतं. फणसाची साठंही टिकतात. अळूच्या फतफत्याला लागणारं ओलेपण मात्र बांधून नेता येत नाही.

या बदलाकडे कोकणी डोळ्यांनी बघणारा एक माणूस आपल्याला लाभला: पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरचं कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून १८५७ मध्ये निघाले आणि बंडात सापडले. इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या सैन्यानं १८५८ मध्ये झाशी घेतली तेव्हा ते शहरातच होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून आला. लोक तो लढाईसाठी वाचतात. माझ्या मते त्यातलं खाणंपिणं, दानधर्म आणि राणीची दिनचर्या जास्त मोलाची आहे. लुटालुटीतून जेमतेम वाचलेले भटजी दक्षिणा गमावून बसले, पण गंगेची कावड तेवढी वरसईला पोचवली.