झाकली मूठ आणि उघडी संहिता

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्या व्यवहारात इतकी रुळली आहे की, सुरक्षितता म्हणजे गुप्तता असे समीकरण आपल्या मनात सहज तयार होते. संगणकाच्या बाबतीत मात्र हे समीकरण तपासून घ्यावे लागते. संगणकाविषयी कुतूहल असणारे आमचे आजी-माजी विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासाठी मुक्तस्रोत तंत्रज्ञान, म्हणजेच ओपन सोर्स, आणि सुरक्षा यांचे नाते उलगडून दाखवण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत.

संगणक ज्या सूचनांनुसार चालतो, त्यांचे माणसाला वाचता येईल असे मूळ रूप म्हणजे संहिता. बहुतेक विकत मिळणाऱ्या प्रणालींमध्ये ही संहिता ग्राहकाला पाहायला मिळत नाही. मुक्तस्रोत प्रणालीत ती कोणालाही वाचता येते, तपासता येते, बदलता येते आणि इतरांना देताही येते. आमच्या बारामती-इंदापूर भागात हे समजावून सांगायला उसाच्या काट्याइतके चांगले उदाहरण नाही. गाडी काट्यावर चढली की आकडा दिसतो. परंतु काटा बरोबर आहे की नाही, हे केवळ आकड्याकडे पाहून कळत नाही. त्यासाठी काट्याची तपासणी करण्याचा अधिकार असावा लागतो. मुक्तस्रोत परवाना संगणक वापरणाऱ्याला हाच अधिकार देतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला ‘ग्नू’ प्रकल्प आणि लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेले ‘लिनक्स’ या दोन प्रवाहांतून ही परंपरा वाढली.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. संहिता सर्वांसाठी उघडी असेल, तर चोरही ती वाचणार नाही का? वाचेल. या शंकेचे उत्तर मात्र संगणकाहूनही जुने आहे. ऑगस्ट केर्कहॉफ्स हे पॅरिसमध्ये भाषा शिकवणारे अध्यापक. लष्करी गुप्तलेखनावर १८८३ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी असा सिद्धांत मांडला की, यंत्रणा शत्रूच्या हाती लागली तरी बिघडता कामा नये. गुपित राहावी ती फक्त किल्ली. कुलपाची रचना सर्वांना ठाऊक असूनही जे किल्लीवाचून उघडत नाही, तेच खरे कुलूप. रचना लपवूनच जे टिकते, त्याचे रहस्य फुटले की सर्वच घरे एकाच वेळी उघडी पडतात.

हा विचार महाराष्ट्रातील एका खेड्यातील शाळेपर्यंतही पोहोचला होता. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट या गावच्या छोट्या शाळेत सुरू झाला. मुलांच्या हाती आलेले ते लॅपटॉप लिनक्सवर चालत. त्यांच्या कळफलकावर चालू कार्यक्रमाची संहिता दाखवण्यासाठी एक स्वतंत्र कळ योजलेली होती. या लॅपटॉपसाठी आखलेल्या ‘बिटफ्रॉस्ट’ या सुरक्षा-आराखड्याची दोन तत्त्वे आम्हांला शिक्षक म्हणून फार मोलाची वाटतात. पहिले, सुरक्षा गुप्त रचनेवर अवलंबून नसावी. दुसरे, ज्याला अजून वाचता येत नाही, त्या मुलालाही ती लाभावी. प्रत्येक कार्यक्रमाला त्याच्या कामापुरतेच अधिकार द्यायचे, म्हणजे एक बिघडला तरी तो इतरांच्या सामानाला हात लावू शकत नाही, अशी त्यामागची कल्पना होती.

तथापि संहिता उघडी असणे म्हणजे ती निर्दोष असणे नव्हे. इंटरनेटवरील संदेश सुरक्षित ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या मुक्तस्रोत साधनातील ‘हार्टब्लीड’ हा दोष एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आला. तोपर्यंत सुमारे दोन वर्षे तो सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. मार्च २०२४ मध्ये याच्या उलट घडले. ‘एक्सझेड’ नावाच्या साधनात विश्वास संपादन करून कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या साध्या कुतूहलातून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो शोधून काढला. दार उघडे असून भागत नाही, आत डोकावणारे डोळेही हवेत, हा या दोन घटनांचा धडा आहे.

आता आपल्या परिसराकडे वळू. बारामतीत माहिती तंत्रज्ञानाचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत, परंतु तालुक्यातील अनेक शाळांत आणि घरांत जुनेच संगणक चालतात. ‘विंडोज १०’ला मिळणाऱ्या नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, आणि ‘विंडोज ११’ अनेक जुन्या यंत्रांवर चालत नाही. अशा वेळी परवान्याशिवायची नक्कल उतरवून घेण्याचा मोह होतो. ज्याने ती नक्कल बनवली, त्याने आत काय घातले आहे, हे मात्र आपल्याला कधीच कळत नाही. यापेक्षा ‘लिनक्स मिंट’, ‘लुबुंटू’ किंवा सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणाली वापरून पाहणे अधिक शहाणपणाचे.

जिज्ञासू विद्यार्थ्याने क्रम असा ठेवावा. प्रथम महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत काढावी. प्रणाली तिच्या अधिकृत स्थळावरूनच उतरवावी आणि तिचा ‘शा-२५६’ ठसा ताडून पाहावा. हा ठसा चौसष्ट चिन्हांचा असतो. फाइलीत एक अक्षर जरी बदलले तरी ठसा पूर्णपणे बदलतो. त्यानंतर प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी आणि पटल्यासच संगणकावर बसवावी. पुढे दुरुस्त्या वेळच्या वेळी घ्याव्यात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत. मात्र प्रयोग स्वतःच्याच यंत्रावर करावेत. दुसऱ्याच्या संगणकात विनापरवानगी शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा आहे.

आम्ही इतिहास शिकवतो. ज्ञान बंद मुठीत ठेवण्याची किंमत कोणाला मोजावी लागली, हे आम्हांला वेगळे सांगावे लागत नाही. आज जगातील उत्तमोत्तम संहिता कोणाचीही जात, गाव किंवा फी न विचारता वाचायला खुली आहे; पण ती वाचणाऱ्यांत आपली मुले अजून फार थोडी आहेत. वसतिगृहातील एका जुन्या संगणकावर बसून इंदापूरच्या एखाद्या विद्यार्थिनीने ‘हे असे का चालते?’ असा प्रश्न विचारावा आणि उत्तर सापडेपर्यंत ती ओळ सोडू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.