शब्दांवाचून नाट्य

नाटक म्हटले, की रंगमंचावरील संवाद आपल्या कानांत घुमू लागतात. परंतु मुखातून एकही शब्द न काढता नटाने सारी कथा प्रेक्षकांपुढे उभी करावी, असाही एक नाट्यप्रकार आहे. त्यास मूकनाट्य असे म्हणतात. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी वाचिक अभिनय मूकनाट्यात वर्ज्य असतो. वाणीचे कार्य तेथे हात, पाय, डोळे आणि मुद्रा यांनाच करावे लागते.

प्राचीन रोममध्ये एकच नट मुखवटे बदलून अनेक पात्रे साकार करी. कथा मात्र गायकवृंद गाई. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधील फ्युनांब्यूल नावाच्या लहानशा नाट्यगृहात या कलेला नवे तेज चढले. तेथील नटांना संवाद बोलण्याची सरकारी परवानगी नव्हती. तेव्हा झां-गास्पार देब्युरो (१७९६–१८४६) यांनी शुभ्र चेहरा आणि सैल पांढरी वस्त्रे यांनिशी 'पिएरो' हे पात्र असे काही रंगविले, की शब्दांची उणीव कोणास भासेना.

रंगमंचावर भिंत नसते. तरी ती प्रेक्षकांना दिसते. हे कसे घडते? नट आपला सैल हात पुढे नेतो आणि एका ठिकाणी तळहात एकदम ताठ व सपाट करतो. मग शरीर कितीही हलले, तरी तो तळहात जागचा तसूभरही ढळत नाही. हात काढून घेताच तो पुन्हा सैल पडतो. तळहात जरासा सरकला, तर भिंत नाहीशी झालीच म्हणून समजावे! यासाठी वर्षानुवर्षे साधना करावी लागते.

या कलेचे विसाव्या शतकातील थोर उपासक मार्सेल मार्सो हे होत. त्यांचा जन्म १९२३ साली फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे एका ज्यू कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने फ्रान्स व्यापला आणि ज्यू लोकांवर घोर आपत्ती कोसळली. मार्सो यांचे वडील आउश्वित्झच्या छळछावणीत मृत्युमुखी पडले. तरुण मार्सो यांनी आडनाव बदलले आणि ज्यू मुलांना गुप्तपणे स्वित्झर्लंडच्या सीमेपलीकडे पोचविण्याच्या कार्यात उडी घेतली. वाटेत एखादे मूल मोठ्याने रडले, तर सर्वांचेच प्राण संकटात सापडावयाचे. अशा वेळी मार्सो मूकाभिनय करून त्या भेदरलेल्या मुलांना रिझवीत व शांत ठेवीत.

१९४७ साली त्यांनी 'बिप' हे पात्र निर्माण केले. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, डोक्यावर चेपलेली उंच टोपी आणि तीवर डुलणारे तांबडे फूल, असा त्याचा वेष असे. हा बिप देशोदेशी गेला. त्याला दुभाष्याची गरज कोठेच पडली नाही. २००७ साली मार्सो निवर्तले. जगाने त्यांच्या कलेला टाळ्यांनी गौरविले. परंतु तिचे पहिले प्रेक्षक मात्र टाळी वाजवू शकत नव्हते. त्यांना गप्प राहूनच सीमा ओलांडावयाची होती.